भाताकडचा ढेकळ्या, भाकरीकडची शेवंती

पाटबंधारे खात्यातल्या माझ्या नोकरीचे पावसाळे एका टेबलापाशी गेले. पर्जन्यमापकातले पाणी सकाळी साडेआठला मोजायचे हा देशभराचा नियम आहे, आणि साडेआठ वाजून गेले की तालुक्यांचे आकडे आमच्याकडे येऊ लागत. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, गोकाक, रायबाग, अथणी अशा क्रमाने ते वहीत उतरवताना पश्चिमेकडून पूर्वेकडे आकडा घसरत जायचा, आणि हे इतके सवयीचे झाले होते की जुलैतल्या एखाद्या दिवशी कणकुंबीपुढे तीन आकडी संख्या आणि अथणीपुढे शून्य लिहिताना कोणी मान वर करून पाहत नसे. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या कणकुंबीत वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला तो ५००-६०० मिलिमीटरपर्यंत उतरतो, हे मला तोंडपाठ होते. अंगाला लागले ते मात्र निवृत्तीनंतर, घरात दोन कुत्री आल्यावर आणि स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आल्यावर.

स्वयंपाकघर येण्याचे कारण अगदी साधे आहे. पत्नी माझ्याहून लहान, आणि तिची शाळेतली नोकरी अजून चालू आहे. सकाळी साडेनऊला डबा घेऊन बाहेर पडणारा माणूस घरात एकच उरल्यावर तो डबा कोणी करायचा, या प्रश्नावर चर्चा झालीच नाही. पहिल्या सोमवारी तिने ओट्यावर पिठाचा डबा काढून ठेवला आणि ती आंघोळीला निघून गेली.

कुत्री आली ती मात्र ठरवून नव्हे. ढेकळ्या पश्चिमेच्या डोंगरांकडचा, जांबोटीचा आहे. एका जुन्या सहकाऱ्याच्या शेतघरात कुत्री व्याली होती, आणि पिल्ले दाखवायला म्हणून त्याने मला ओट्यावर बसवले तेव्हा त्यातले सर्वांत चिखलाने माखलेले पिल्लू माझ्या चपलेवर झोपून गेले. जात विचाराल तर गावठी, रंग विचाराल तर ओल्या मातीचा, त्यामुळे नावाचा विचार करावा लागला नाही. शेवंती पूर्वेकडची, मुधोळची. घटप्रभेच्या काठावरचे हे गाव आज बागलकोट जिल्ह्यात आहे, एके काळी ते घोरपड्यांचे संस्थान होते. तिथल्या शिकारी कुत्र्यांना आपल्याकडे मुधोळ म्हणतात, तशी कारवान म्हणूनही ओळख आहे. मुधोळचे संस्थानिक मालोजीराजे घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि पंचम जॉर्ज बादशहाला या जातीची पिल्ले भेट दिली, ही गोष्ट तिकडे कोणीही सांगतो. २००५ मध्ये टपाल खात्याने भारतीय श्वानांची तिकिटे काढली त्यात मुधोळ होता, आणि २०१६ मध्ये सैन्याने मेरठच्या केंद्रात या जातीच्या कुत्र्यांना प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. एवढी वंशावळ असलेली शेवंती आमच्याकडे आली ती मात्र पुतण्याची बदली बंगळूरच्या फ्लॅटमध्ये झाली म्हणून. धावण्यासाठीच घडलेले कुत्रे चौथ्या मजल्यावर ठेवणे हा त्या जिवावर अन्याय आहे, असे मी म्हणालो, आणि बोलणाऱ्यावर जबाबदारी येते तशी ती माझ्यावर आली.

मुधोळच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. केस आखूड, कातडी पातळ, बरगड्या मोजता याव्यात अशी छाती आणि खाली एकदम आत गेलेले पोट. पाहुणे आले की प्रत्येक जण आधी विचारतो, ‘खायला घालत नाही काय हो हिला?’ ज्या कोरड्या, उघड्या माळांवर ही जात शतकानुशतके सशामागे धावली, तिथे हेच शरीर कामाचे होते. बेळगावच्या जुलैत ते कामाचे नाही. झड लागली की शेवंती उंबऱ्यापर्यंत येते, पुढचा एक पाय उचलते, तो हवेत तसाच धरून अंगणातल्या पाण्याकडे पाहते आणि तो पाय न टेकवताच मागे वळते. शेवटी मी बाजारातून धनगरी घोंगडे आणले, त्याचा तुकडा कापून पोटाखाली दोन नाड्या लावल्या, आणि तो पांघरल्यावरच ती बाहेर पडू लागली. घोंगड्याची जाड लोकर पाणी लवकर आत घेत नाही, हे धनगरांना कोणी शिकवावे लागले नव्हते. रेनकोट म्हणून दुकानात मिळणारा प्लॅस्टिकचा अंगरखा तिने त्याआधीच फाडून टाकला होता. त्यात तिची चूक होती असे मला वाटत नाही, कारण तो चालताना आवाज करायचा.

ढेकळ्याचे सगळे उलटे आहे. पहिला वळीव पडला की तो अंगणात जाऊन मुद्दाम लोळतो. नाल्याकाठच्या खेकड्याच्या बिळात तोंड घालून तो एवढा वेळ उभा राहतो की त्याच्या पाठीवर चतुर येऊन बसतो. उन्हाळ्यात मात्र त्याचे हाल होतात. एप्रिलमध्ये दहा वाजल्यानंतर डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून पाहावी, ती पाच सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याला त्या रस्त्याने नेऊ नये, हे मी शिकलो ते त्याच्यामुळे. शेवंती त्याच उन्हात अंगणात पाय ताणून पडलेली असते. पावसाच्या वहीतले दोन टोकांचे दोन रकाने माझ्या ओसरीत शेजारी शेजारी झोपतात आणि रात्री गोधडीवरून भांडतात.

आम्ही वडगावात राहतो. शहापूर, खासबाग आणि वडगाव हा विणकरांचा भाग आहे, आणि पहाटे गल्लीतून निघताना एखाद्या घरातून मागाचा खटखटाट सुरू झालेला असतोच. जुन्या दिवसांपेक्षा तो आता कमी घरांतून येतो. गल्ल्या संपल्या की येळ्ळूरच्या बाजूचे शिवार लागते, समोर राजहंसगड दिसतो आणि मी कुत्र्यांचे पट्टे थोडे सैल सोडतो. पूर्ण सोडत नाही. ढेकळ्याचे जग नाकाच्या टोकापाशी असते, त्याची काळजी नाही, पण शेवंती नजरेने शिकार करणारी आहे. दूरच्या बांधावर काही हलले की तिचे कान मागे जातात, मान लांब होते, आणि पट्ट्यातून माझ्या मनगटाला जो झटका बसतो त्यावरून तिकडे कुत्रा आहे की ससा हे मला आता न पाहता सांगता येते.

हे शिवार म्हणजे बेळगावच्या बासमतीचे शिवार. मे महिन्याच्या अखेरीस रोहिणीत इथे धूळवाफेवर भाताची पेरणी होते, म्हणजे कोरड्या जमिनीत बी टाकून पावसावर विसंबायचे. मृगाचा पाऊस वेळेवर आला तर बांधावर मखमली लाल मृगकिडे फिरू लागतात आणि पावशा दिवसभर ओरडत राहतो. पाऊस जास्त झाला तर बळ्ळारी नाला फुगतो, त्याचे पाणी पिकात शिरते आणि कित्येक दिवस उतरत नाही. नोकरीत असताना अशा दिवशी मी ‘बेळगाव तालुका’ या रकान्यात एक मोठा आकडा लिहीत असे. आता त्याच पाण्याच्या काठावर उभा राहून पिवळी पडत चाललेली रोपे पाहतो आणि ती कोणाची आहेत हे मला माहीत असते. ज्यांच्या बांधावरून आम्ही जातो ते एक म्हातारे शेतकरी शेवंती बरोबर नसली की हमखास विचारतात, ‘काय साहेब, म्हाराणी कुठं हाय? पाऊस बघून घरातच बसली व्हय?’ ढेकळ्याला मात्र ते कधी काही विचारत नाहीत. तो त्यांच्या दृष्टीने शिवारातलाच आहे.

बासमतीचे क्षेत्र कमी होत चालले आहे, हे सांगायला आकडेवारी लागत नाही. भात फुलोऱ्यात असताना पूर्वी वाऱ्याबरोबर वास येत असे तो आता ठरावीक वाफ्यांपाशीच येतो. उतारा कमी, पीक उंच वाढून वाऱ्याने आडवे होते, म्हणून लोक इंद्रायणीकडे आणि इतर वाणांकडे वळले, यात त्यांना दोष देता येत नाही. हलगा-मच्छे बायपास याच सुपीक पट्ट्यातून नेण्याला शेतकऱ्यांनी अनेक वर्षे विरोध केला, प्रकरण न्यायालयातही गेले. माझे मत शेतकऱ्यांच्या बाजूचे आहे, आणि सरकारी नोकरीत असताना जे बोलता आले नाही ते आता बोलायला कोणाची परवानगी लागत नाही.

सुगी झाली, भाताचे पिंजर रचून झाले की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. काळ्या मातीत जिरलेले पावसाळ्याचे पाणी या पिकांना पुरते, वरून काही द्यावे लागत नाही. थंडीत धोबी पक्षी शेपूट हलवत बांधावर येतात, जोंधळा भरला की भोरड्यांचे थवे उतरतात, आणि माझी दोन्ही कुत्री या एकाच मोसमात एकमेकांशी सहमत असतात, कारण जमीन पावसाळ्याइतकी ओली नसते आणि उन्हाळ्याइतकी तापलेलीही नसते.

या मसुराची आमटी आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी होते. अख्खा मसूर रात्री भिजवायचा, सकाळी नुसत्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायचा आणि इथेच थांबून त्यातला एक भाग बाजूला काढायचा. तो कुत्र्यांचा. त्यात मीठ नाही, फोडणी नाही, आणि मुख्य म्हणजे कांदा-लसूण नाही. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलेला असला तरी आणि मसाल्यात वाटून घातलेला असला तरीही. द्राक्षे आणि बेदाणेसुद्धा त्यांच्या मूत्रपिंडाला घातक असतात. म्हणून सणाचा गोड शिरा घेऊन ‘थोडा दिला तर काय होतंय’ म्हणत येणाऱ्या शेजारणींशी मी वाईटपणा घेतो. उरलेल्या मसुराला मग खोबरे, कांदा आणि संकेश्वरी मिरचीचे तिखट घालून जोरकस फोडणी देता येते.

भाकरी शिकायला मला वेळ लागला. जोंधळ्याच्या पिठात गव्हासारखे चिवट प्रथिन नसते, त्यामुळे ते थंड पाण्यात कितीही मळले तरी थापताना कडेने फाटते. उकळते पाणी घातले की पिठातला पिष्टमय भाग फुगतो आणि चिकटपणा धरतो, तोच भाकरीला एकत्र ठेवतो. पीठही ताजे हवे. दळून फार दिवस झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटून राहण्याची ताकद, जाते आणि मग पाणी कितीही कढत असले तरी उपयोग होत नाही. मी काटवटीत पिठाच्या मधोमध खड्डा करतो, त्यात पाणी ओततो, उलथन्याने कालवतो आणि हाताला सोसेल तेव्हा तळव्याच्या टाचेने रगडतो. गोळा गुळगुळीत झाला, त्यावर बोट दाबल्यावर भेग पडली नाही, की थापायला घ्यायचे. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पुरते सुकायच्या आत उलटायची. पाणी सुकून पांढरे डाग पडले की भाकरी फुगत नाही, हे दिसायला क्षुल्लक आहे, पण भाकरी फुगते की नाही ते इथेच ठरते. पत्नी अजूनही डबा उघडल्यावर आधी भाकरीचा पापुद्रा सुटतो का ते पाहते, असे तिच्या शाळेतल्या बाईंनी मला सांगितले.

गोकाक-मुधोळकडच्या घरांत याच भाकऱ्या पातळ थापून, कडक वाळवून ठेवतात. त्या कित्येक दिवस टिकतात, शेंगदाण्याच्या किंवा कारळ्याच्या चटणीबरोबर आणि दह्याबरोबर कुरकुरत खायच्या. खानापूर-जांबोटीकडे गेलो की ताटात भात येतो, नाचण्याची आंबील येते, आणि भाकरी असलीच तर तांदळाची. जिथे हवाच ओली तिथे कडक भाकरी वाळणार कशी आणि टिकणार कशी? बेळगाव या दोन्हींच्या मध्ये आहे, म्हणून आमच्या ताटात भाकरी आणि भात एकाच जेवणात येतात, आधी भाकरी, शेवटी भात. लहानपणापासून असेच जेवलो असल्यामुळे सगळीकडे असेच जेवत असतील अशी माझी समजूत होती.

कुत्र्यांच्या बाबतीत ही विभागणी टिकली नाही. ढेकळ्याला भात आणि शेवंतीला भाकरी असे मी ठरवले होते, आणि पहिले काही दिवस ते चालले. मग बासमतीची पेज निवायला ठेवलेल्या पातेल्यापाशी शेवंती जाऊन बसू लागली. हाक मारली तरी उठेना. ढेकळ्या ताकात कुस्करलेली भाकरी चाटूनपुसून खातो आणि भाताकडे नाइलाज म्हणून पाहतो. कुत्र्याला फक्त मांस हवे असे सांगणारे लोक हल्ली भेटतात. त्यांना मी सांगतो की २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कुत्र्यांच्या शरीरात पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळल्या, म्हणजे माणसाच्या उष्ट्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगताना हा प्राणी बदलला. अंडी, कोंबडीच्या मांसाचे बिनमिठाचे उकडलेले तुकडे हे सगळे त्यांना मिळतेच. शिजवलेले हाड मात्र कधी देऊ नये, ते उभे चिरते आणि आतड्यात रुतते.

पावसाळ्यात एकदा तरी मी कणकुंबीला जातो, आणि तेव्हा दोघांनाही घरी ठेवतो. जांबोटीच्या पलीकडचे रान २०११ पासून भीमगड अभयारण्यात आहे. अस्वले, गवे, बिबटे तिथे आहेतच, पण मला काळजी वाटते ती कोळसुंद्यांची. आपल्या कुत्र्यांचा डिस्टेंपरसारखा रोग या रानकुत्र्यांना होऊ शकतो आणि एका कळपात शिरला तर कळप संपवू शकतो. म्हणून हौशी लोक गळ्यात घुंगरू बांधलेली कुत्री घेऊन धबधब्यांवर फिरताना दिसतात तेव्हा माझा संताप होतो. याच रानातल्या बारापेडे गुहांमध्ये राउटनचे वटवाघूळ राहते. जगात ते फार थोड्या ठिकाणी आढळले आहे. मी ते पाहिलेले नाही आणि पाहायला गुहेत शिरायची इच्छाही नाही.

कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. पश्चिमेचा समुद्र तिथून जवळ आहे, तरी ती पाठ फिरवून पूर्वेला निघते, खानापूरवरून सौंदत्तीच्या नविलतीर्थ धरणात येते आणि पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते. त्याच डोंगराच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस गोव्यात जातो. आमची मार्कंडेयही अशीच पश्चिमेच्या ओल्या डोंगरांतून निघते. राकसकोपला तिचे पाणी अडवून शहराला देतात, उरलेले गोकाकजवळ घटप्रभेत जाते, आणि घटप्रभा मुधोळवरून वाहते. ढेकळ्याच्या गावाकडचा पाऊस शेवंतीच्या गावाला पोचतो, हे मी इतकी वर्षे नकाशावर पाहत होतो, पण त्याचा असा विचार करायला तेव्हा कारण पडले नव्हते. परतताना जांबोटीच्या रस्त्याकडेला बायका पानांत बांधलेली अळंबी घेऊन बसलेल्या असतात. ती स्वतः गोळा करण्याचे धाडस करू नये, त्यांच्याकडूनच घ्यावी, माती काळजीपूर्वक धुवावी आणि खोबरे-मिरी वाटून रस्सा करावा. त्या रश्शाबरोबर भाकरी चालत नाही, भातच लागतो.

पाऊस ओसरला की गोचिडांचे दिवस येतात. गवतातून फिरून आल्यावर रोज संध्याकाळी ओसरीवर दिवा लावून मी दोघांना तपासतो. बोटांच्या फटी, शेपटीखालचा भाग, गळपट्ट्याखालचे केस आणि कानाची आतली घडी. शेवंतीच्या पातळ कानातून दिव्याचा उजेड आरपार येतो आणि तिथे चिकटलेली गोचीड तांदळाच्या कणीएवढी असली तरी काळी उठून दिसते. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल लावणे, काडीने चटका देणे असले प्रकार करू नयेत, आणि ती बोटांनी चिरडूही नये. मी ती साबणाच्या पाण्यात टाकतो. गोचिडीतून येणाऱ्या तापात कुत्रे आधी नुसते मलूल होते, अन्नावरून मान फिरवते आणि हिरड्या फिक्या पडतात. तेवढे दिसले की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. ढेकळ्याच्या दाट केसांत हे सगळे हाताने चाचपडत शोधावे लागते, आणि तो ते गुदगुल्या समजून उलटा होतो.

पुढच्या वर्षी पत्नीही निवृत्त होईल. स्वयंपाकघर परत हवे का, असे मी तिला परवा विचारले. ती म्हणाली, ‘सकाळचा चहा तेवढा माझा. बाकी तुमचं चाललंय तसं चालू दे की. मी कुत्र्यांना घेऊन फिरायला जाईन.’ भाकरीसाठी मला पहाटे उठावे लागणार आणि शिवारात मात्र ती जाणार, ही वाटणी मला मान्य नाही. यावर आमची बोलणी अजून चालू आहेत. शेवंतीचे घोंगडे विरले आहे, आणि रोहिणी लागायच्या आत नवे आणायचे, एवढ्यावर मात्र दोघांचे एकमत झाले आहे.